घरच्या बिअरचा फेंस

लीड्स येथील आमच्या बिऱ्हाडीं आम्ही २० लिटर बिअर करूं लागलों, तेव्हां फेंसाकरितां वायूचें नळकांडें घेण्याची ऐपत नव्हती. म्हणून प्रत्येक बाटलींत अदमासानें साखर घातली. एके रात्रीं एक बाटली फुटून कांचेचे तुकडे पाळण्यापर्यंत उडाले. मूल दैवानेंच बचावलें.

तेव्हांपासून आंबणें पूर्ण थांबल्यावर १२० ग्रॅम साखर तोलून, पाण्यांत उकळून, निववून सबंध पिंपांत मिसळतों व मगच बाटल्या भरतों. उरलेलें किण्व ती साखर खाऊन कर्बाम्लवायु सोडतें. बूच घट्ट असल्यानें तो बिअरींतच मुरतो. याच गांवीं १७६७ सालीं जोसेफ प्रीस्टले यांनीं शेजारच्या मद्यशाळेंतील वायु पाण्यांत मुरविला होता.

काटकसर साधनांत करावी. तोलण्यांत करूं नये.