बिलाच्या तळची ओळ

माझ्या कादंबऱ्यांतले नायक सावकाराला भर चावडीवर जाब विचारतात. मी मात्र गेल्या वसुबारसेला बंद पडलेला मिक्सर काखोटीस मारून दुकानातून मुकाट्याने परत आलो. घेऊन बारा दिवसही झाले नव्हते. खोबरे वाटता वाटता त्याने जळका वास सोडला आणि मान टाकली. दुकानदार माझाच जुना विद्यार्थी. त्याने अदबीने खुर्ची दिली, चहा पाजला आणि बिलाच्या तळाशी बोट ठेवले : 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही.' छापील अक्षरापुढे मास्तर नेहमीच नमतो!

"वर्गात मुलांना हक्क शिकवता ना?" ही एवढेच म्हणाली. मिक्सर तिच्या शिवणकामाच्या पैशांतला होता.

त्या रात्री २०१९चा ग्राहक संरक्षण कायदा काढून बसलो. माल नुसता नावडला म्हणून परत घेण्याची सक्ती त्यात नाही. पण सदोष माल बिलातल्या मुदतीत, मुदत नसेल तर ३० दिवसांत, परत घेऊन पैसे न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. तळाशी काहीही छापलेले असो. आपल्याच जिल्ह्याच्या आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. वकील लागत नाही. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्कही नाही.

दुसऱ्या दिवशी, धनत्रयोदशीच्या गर्दीत, पत्र लिहून नेले. या खेपेस हीही बरोबर होती. त्याने पत्र दोनदा वाचले.

"सर, पैसे देऊ की नवा?"

"नवा," ही म्हणाली.

नव्या बिलाच्या तळाशी पुन्हा तीच ओळ. मी खिशातले लाल पेन काढले.