शेपटी धरणारे हात

जबलपूरच्या गोरखपूर भागातील एका अरुंद गल्लीत, सकाळची रहदारी सुरू होण्यापूर्वी, एक बाप आपल्या नऊ वर्षांच्या मुलीला सायकल शिकवीत असतो. ती पुढे पाहून पायडल मारते; तो सीटची मागची कड धरून धावतो. आठ दिवस झाले. तिचा तोल केव्हाच सावरला आहे, पण त्याचा हात सीटवरून सुटत नाही. कारखान्यात त्याचे काम सुट्या भागांची मापे तपासण्याचे. गेजमध्ये बसेल तो भाग पुढे जातो, न बसेल तो परत जातो. मुलगी एकटी जाण्याइतकी तयार झाली की नाही, हे सांगणारे गेज मात्र कोणत्याच कपाटात नसते.

विद्यार्थिदशेत तो पुण्यास होता. नागरी विमानवाहतूक खात्याने १९५० साली हडपसरला सुरू केलेल्या ग्लायडिंग केंद्रात तो सुटीच्या दिवशी ग्लायडर चालवायला शिकला. त्याच नादात त्याने जुन्या एकासनी शिकाऊ ग्लायडरचा इतिहास वाचून काढला. सायकलीमागे धावताना तो इतिहास त्याला हटकून आठवतो.

या विद्येचा पहिला मोठा साधक ऑटो लिलिएंथाल. त्याला गुरू नव्हताच. १८९१ पासून त्याने टेकड्यांवरून हजारांहून अधिक झेपा घेतल्या आणि ऑगस्ट १८९६ मध्ये अशाच एका झेपेत कोसळून तो गेला. पुढे पहिल्या महायुद्धानंतर व्हर्सायच्या तहाने जर्मनीच्या विमानविद्येवर बंधने आली. तेव्हा तिथले तरुण इंजिनाचा नाद सोडून वासरकुप्पे नावाच्या डोंगरावर जमू लागले. १९२० पासून तिथे मेळावे भरत. १९२६ मध्ये अलेक्झांडर लिपिशने नवशिक्यांसाठी जे ग्लायडर आखले, त्याचे नावच ‘त्सोएग्लिंग’, म्हणजे शिष्य. त्याच वळणाचे, पण अधिक सुधारलेले ‘शुलग्लायटर ३८’ हे १९३८ साली आले आणि हजारोंच्या संख्येने बांधले गेले.

त्याचे रूप अगदी साधे. लाकडी चौकट, वर कापडाने मढवलेला पंख, मागे तारांनी ताणून धरलेली शेपटी, आणि पुढे उघड्यावर एकच आसन. ना छप्पर, ना काच. एकच आसन ठेवण्याचे कारण व्यवहाराचे होते. दुसऱ्या माणसाचे वजन पेलायचे तर पंख मोठा हवा, उड्डाणाचा जोर अधिक हवा, खर्चही वाढतो. हलके यंत्र मात्र मुले स्वतःच चढावर ओढून नेत आणि मोडले तर स्वतःच डागडुजी करीत.

शिक्षण जमिनीवरच सुरू होई. वाऱ्याकडे तोंड करून शिष्याला आसनावर बसवीत आणि नुसते दोन्ही पंख समतोल राखायला सांगत. मग घसरत जाणे, मग हातभर उंचीची उडी, मग त्याहून मोठी. उड्डाणासाठी नाकाला रबरी दोर अडकवून त्याची दोन टोके दोन बाजूंना सवंगडी धरीत. मागे आणखी काही जण शेपटी घट्ट धरून बसत. हुकूम तीनच असत : ताणा, धावा, सोडा. तिसऱ्या हुकमासरशी शेपटीवरचे हात निघत आणि यंत्र सुटे. तीस सेकंद सरळ उडून नीट उतरले, की शिष्याला पहिली पदवी मिळे. निळ्या बिल्ल्यावर एक पांढरा समुद्रपक्षी. पुढच्या दोन पदव्यांना दोन आणि तीन.

या पद्धतीत उणीव मोठी होती. हवेत चूक झाली तर शिक्षक खालून केवळ ओरडू शके. अपघात होत, लाकूड मोडे, कधी हाडेही. म्हणून दुसऱ्या महायुद्धानंतर दोन आसनांची पद्धत रुळली. ब्रिटनमध्ये कॅडेट मुले आधी एकासनी ग्लायडरवरच शिकत. पुढे तिथेही शिक्षक शेजारी येऊन बसला. भारतात बांधलेल्या ग्लायडरांना नक्षत्रांची नावे मिळाली. १९५८ ची अश्विनी आणि १९६१ ची रोहिणी ही दोन आसनांची. रोहिणीत गुरू-शिष्य शेजारी शेजारी बसत. १९६३ चे कार्तिक मात्र एकासनी. पण ते शिकण्यासाठी नव्हे, शिकून झाल्यावर दूर जाण्यासाठी.

दोन आसनांमुळे शिकणे सुरक्षित झाले, यात वाद नाही. तरी एक गोष्ट तशीच राहिली. हडपसरला एका सकाळी शिक्षक काही न बोलता खाली उतरले, मोकळ्या आसनाचे पट्टे त्यांनी स्वतः आवळून बांधले आणि ते बाजूला झाले. केबल ताणली गेली. एका माणसाचे वजन कमी झाल्याने ग्लायडर रोजच्याहून लवकर वर चढले. शेजारचे आसन रिकामे आहे, हे त्याला डोळ्यांपेक्षा आधी त्या चढण्यातून कळले. भीती वाटली, पण फसवणूक नव्हती.

आणि इथेच त्याचा हात सीटवर अडखळतो. सायकल शिकवणारा प्रत्येक बाप एक खोटे बोलतो. हात सोडून दिलेला असतो आणि तोंडाने ‘धरलंय, धरलंय’ चाललेले असते. त्यालाही त्याच्या वडिलांनी असेच शिकवले. ते खोटे मायेचे होते. पण मागे वळून पाहताच तो पडला, आणि पडण्याहून जास्त लागले ते मागचा रिकामा रस्ता पाहून. उघड्या आसनावरच्या त्या शिष्याला निदान ठाऊक असे, की तो एकटा आहे. शेपटी धरणाऱ्यांचा हात सुटतो तो मोठ्याने हुकूम देऊन, चोरून नव्हे.

नवव्या दिवशी मुलीने विचारले, “बाबा, धरलंय ना?”

क्षणभर थांबून तो म्हणाला, “अजून धरलंय. आता सोडतो. सोडू?”

ती लगेच बोलली नाही. पायडलची दोन आवर्तने झाली.

“सोडा,” ती म्हणाली.