बेंडचा अक्ष कुठे?

वाकड्या नळीचं मेश करायचं म्हटलं की पूर्वी आधी कागद-पेन्सिल लागायची. ख्रिस्तोफ गुझेन आणि ज्याँ-फ्रांस्वा रमाक्ल यांचं जीमेश हे मेश करणारं सॉफ्टवेअर तेव्हाही फुकट होतं, पण भूमिती साध्या टेक्स्ट फाइलमध्ये हातानं लिहायची पद्धत होती. 180 अंशांचा चाप चालायचा नाही, म्हणून वर्तुळ चार पावांत काढायचं. सरळ भागासाठी एक्स्ट्रूड या आज्ञेला दिशा आणि लांबी दिली की झालं. खरी गंमत बेंडला. ज्याभोवती तोंड फिरवायचं त्या अक्षाची दिशा, अक्षावरचा एक बिंदू आणि रेडियनमध्ये कोन असं तिन्ही सांगायचं. कोन धन की ऋण, हे ठरवायला ऑफिसातली शहाणीसुरती माणसं मॉनिटरसमोर उजव्या हाताचा अंगठा फिरवत बसायची! यू-बेंड तर एका दमात व्हायचाच नाही. दोन काटकोन जोडायचे. आधीच्या तुकड्याचं टोक एक्स्ट्रूडनं परत दिलेल्या यादीत पहिलं असायचं, तिथूनच पुढचा तुकडा निघे. सोबत लेयर्स आणि रिकंबाइन लिहिलं, तोंडाशी चौकोन असले, की आतून षट्फलकांचे थर शिस्तीत वळत जायचे.

2017 साली जीमेशच्या तिसऱ्या आवृत्तीत आकार रचायला ओपनकॅस्केड हे भूमितीचं इंजिन आलं आणि हे सगळं सोपं होत गेलं. आता मध्यरेषेची वायर द्या, तोंडाशी चकती ठेवा, पायथनमधून ॲडपाइप म्हणा, नळी तयार. अवकाशात तीनदा दिशा बदलणाऱ्या नळीचे अक्ष हातानं काढण्याची हमाली गेली, त्याबद्दल मी तरी अश्रू ढाळणार नाही.

पण ॲडपाइप थर घेत नाही. नळी एरवी चतुष्फलकांनीच भरते. बेंडमधल्या प्रवाहाला हे मानवत नाही. वळणावर वेगवान गाभा बाहेरच्या भिंतीकडे ढकलला जातो आणि दोन उलटसुलट भोवरे उठतात, डब्ल्यू. आर. डीननं 1920च्या दशकातच त्यांचं गणित मांडलं होतं. ते नीट पकडायला प्रवाहाच्या दिशेनं रचलेले थरच बरे. म्हणून साधा काटकोनी बेंड आला की मी अजूनही अक्षच शोधतो.

भूमिती हातानं लिहायचो तेव्हा फाइलच्या पहिल्याच ओळीत बेंडची त्रिज्या असायची. ती बदलली की अख्खी नळी बदलायची. आता डिझाइनवाल्यांकडून तयार आकाराची स्टेप फाइल येते. मीटिंगमध्ये कुणी विचारलं, “त्रिज्या किती?” तर मेश करणारा म्हणतो, “थांबा, मोजून सांगतो.”