काठावरचं नाव

आमचं नवं घर पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला दवाखान्याची आठवण झाली. पांढऱ्या भिंती, पांढऱ्या फरश्या आणि वर पांढरीफेक ट्यूबलाइट! लालबागच्या चाळीतल्या आमच्या खोलीत भिंत अशी कधी दिसलीच नव्हती. एका भिंतीवर भांड्यांची मांडणी, दुसरीला टेकून कपाट, तिसरीवर देव आणि आजोबांचा फोटो, आणि चौथीत दार. आता बाविसाव्या मजल्यावर एकाएकी भिंतीच भिंती मिळाल्या. हे सुख सध्या गिरणगावात पुष्कळांच्या वाट्याला येत आहे. वरळीच्या बी. डी. डी. चाळींतल्या ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये १६० चौरस फुटांच्या खोलीच्या बदल्यात ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. आमचं घर काही तेवढं मोठं नाही. पण चाळीतल्या माणसाला तीनशे फूटसुद्धा मैदानासारखेच वाटतात.

प्रश्न होता तो हे मैदान भरायचं कशानं. आईला हप्त्यावर सोफासेट हवा होता. मी जाहीर केलं, "आपण घर जुन्या वस्तूंनी सजवायचं!"

आई म्हणाली, "मग जुनं टाकून कशाला आलो?"

तिचं म्हणणं खोटं नव्हतं. चाळ सोडताना फडताळ, मांडणी, पत्र्याच्या ट्रंका आम्हीच भंगारवाल्याला देऊन टाकल्या होत्या आणि वर "सुटलो बाई!" असंही म्हणालो होतो. पण माझ्या डोक्यात खूळ शिरलं होतं. गेल्या वर्षी सहलीत पुण्याचं केळकर संग्रहालय पाहिलं तेव्हापासूनचं. दिनकर केळकर, म्हणजे कवी 'अज्ञातवासी', यांनी आयुष्यभर हिंडून दिवे, अडकित्ते, दौती, दरवाजे गोळा केले आणि लहानपणीच गेलेल्या आपल्या राजाच्या नावानं ते संग्रहालय उभं केलं. रोजच्या वापरातला साधा अडकित्तासुद्धा इतका देखणा असतो हे मला तिथं कळलं. आणि खरं सांगायचं तर, मैत्रिणींनी घरी येऊन "अय्या, किती वेगळं!" म्हणावं, हाही हेतू होताच. बाबांनी पाच हजार रुपये हातावर ठेवले आणि म्हणाले, "यात काय बसेल ते बसव."

चिंचपोकळीला गाडी पकडून आम्ही दोघी मैत्रिणी सँडहर्स्ट रोडला उतरलो आणि विचारत विचारत मटन स्ट्रीटवर पोचलो. हाच तो चोर बाजार. मूळ नाव 'शोर बाजार' होतं, त्याचं पुढं 'चोर' झालं असं सांगतात. काही का असेना, तिथला शोर आजही खरा आहे. शुक्रवारी इथली दुकानं बंद असतात. पण त्या दिवशी पहाटेपासून रस्त्यावरच बाजार मांडला जातो. आम्ही गेलो सोमवारी. कर्णा असलेले ग्रामोफोन, जहाजावरचे कंदील, सिनेमाची जुनी पोस्टरं, झुंबरं, बंद पडलेली घड्याळं... जणू साऱ्या मुंबईनं आपले माळे इथं आणून उपडे केले होते.

एका चाचांनी आम्हांला शहाणं केलं. "बेटी, सामनेसे मत देखो, पीछेसे देखो," ते म्हणाले. वस्तूच्या दर्शनी बाजूला पॉलिश मारता येतं. पण पाठ आणि खणाची तळबाजू खोटं बोलत नाही. चपडी लाख स्पिरिटमध्ये विरघळवून घासली की नवं लाकूडही जुन्यासारखं चमकतं. सागवान असेल तर उचलताना हाताला वजन कळतं. आणि फटींत आधी ढेकूण पाहायचे, मग नक्षी!

त्यांच्याकडेच वाकवलेल्या लाकडाच्या दोन खुर्च्या मिळाल्या, इराण्याच्या हॉटेलात असायच्या तशा. या जातीच्या खुर्चीचा जन्म व्हिएन्नाच्या थोनेट कंपनीत १८५९ मध्ये झाला. बीचचं लाकूड वाफेवर नरम करून वाकवायचं, सहा तुकडे करायचे आणि स्क्रूंनी जोडायचे. सुटे तुकडे भरले तर एक घनमीटर खोक्यात ३६ खुर्च्या मावत; म्हणून ती जगभर पोचली. घासाघीस होऊन दोन्ही मिळून अठ्ठावीसशेला ठरल्या. मग नऊशेला एक पितळी तांब्या घेतला. निघता निघता एका टोपलीत लाकडी धोटे दिसले. दोन्ही टोकांना लोखंडी टोपी, मधे कांडीसाठी पोकळी. चाचा म्हणाले, हे लोक मेणबत्त्या लावायला नेतात. मी चारशेला एक घेतला. त्यात सुकी फुलं ठेवून भिंतीवर लावायचा, असा बेत टॅक्सीतच ठरला.

घरी आल्यावर सगळं मांडून मी कौतुकाची वाट पाहत उभी राहिले. आजीनं खुर्च्यांकडे पाहिलंसुद्धा नाही. तिनं तांब्या उचलला, खिडकीशी नेला आणि काठावरून बोट फिरवायला लागली.

"काय बघतेस?"

"नाव."

नाव होतं. ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं, अर्धं झिजलेलं. कुणा मुलीचं नाव, "हिस मामांकडून" आणि १९६१ साल. ते नाव मी इथं लिहीत नाही. ते माझं नाही. विकत घेताना मी तांब्याची पाठ पाहिली होती, तळ पाहिला होता. काठ मात्र पाहिला नव्हता.

मग आजी बोलायला लागली. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. डॉ. दत्ता सामंतांच्या मागे सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. तो संप रीतसर मागे असा कधी घेतलाच गेला नाही, हे मी पुस्तकात वाचलं होतं. आजीच्या घरात त्याचा हिशेब भांड्यांनी झाला होता. आधी दोन पराती गेल्या, मग कळशी, आणि दुसऱ्या पावसाळ्यात तिच्या वडिलांनी लग्नात दिलेला नावाचा हंडा गेला.

"मोड म्हणून दिला, वजनावर," आजी म्हणाली. "वजनात नावाचे पैसे धरत नाहीत."

तेव्हापासून कुठंही पितळेचं जुनं भांडं दिसलं की तिचं बोट आपोआप काठावर जातं. बेचाळीस-त्रेचाळीस वर्षं! हे मला आजवर ठाऊक नव्हतं. मी बाजारात ज्याला 'किती वेगळं' म्हणत होते, ते कुणाच्या तरी वाईट वर्षी घरातून निघालेलं होतं. मला ती खोली एकदम जड वाटायला लागली. मी म्हटलं, "आजी, मी हा परत देऊन येते."

"कशाला? ती पोर काय तिथं वाट बघत बसलीय? चिंचेनं घास आणि पाणी भर. भांडं रिकामं ठेवू नये."

एवढ्यात तिचं लक्ष धोट्याकडे गेलं. आजोबा साचेखात्यात होते. ते जाऊन नऊ वर्षं झाली. आजीनं धोटा तळहातावर तोलला, टोकं चाचपली. "टोकं गुळगुळीत आहेत. पुष्कळ चाललाय हा," ती म्हणाली. "यात तू काय ठेवणार?"

मी "फुलं" म्हटलं. पण ते इतक्या हळू, की तिला ऐकू आलं नसावं.

आता आमच्या घरात सोफासेट आहे, हप्त्यावरच! आईचं खरं झालं. त्याच्या शेजारी इराण्याच्या दोन खुर्च्या बसतात. बाबा त्यांतल्याच एकीवर बसून पेपर वाचतात. तांब्यातलं पाणी आम्ही रोज पितो. घासताना त्या नावावर मी जरा हलका हात ठेवते, न जाणो, आणखी झिजायचं. मैत्रिणी आल्या, "अय्या" म्हणाल्या. मी त्यांना काठ दाखवला, तशा त्या गप्प झाल्या. मग एकीला तिच्या आजीची वाटी आठवली.

धोटा मात्र भिंतीवर लागला नाही. तो आजीच्या उशाशी असतो. दसऱ्याला गिरणीत साच्यांची पूजा व्हायची म्हणे. यंदा आजीनं देवांपुढं पाट मांडला, त्यावर धोटा ठेवला आणि झेंडूचं एक फूल वाहिलं. म्हणजे फूल माझ्याच बेतातलं. जागा तेवढी आजीनं ठरवली.