रात्री करंट पितं कोण?

"अरे, दोन वर्षांत ही तिसरी बॅटरी. आता गाडी विकू की शेत विकू?" गुरुजी गॅरेजच्या दारात छत्री मिटत विचारत होते. त्यांची गाडी १९९९ सालची, छोटी, पेट्रोलवरची. रोज फिरवली तर काही तक्रार नाही. दोन दिवस शेडमध्ये राहिली, की तिसऱ्या दिवशी सेल्फ मारल्यावर नुसतं टक्-टक्. मग शेजारची पोरं गोळा करायची आणि धक्का मारायचा.

आजऱ्यात, संकेश्वर-बांदा रस्त्याला लागून, मी गाड्यांच्या वायरिंगची कामं करतो. मारुती ८०० ही १९८३ साली आली आणि २०१४ साली बनायची बंद झाली, पण आमच्याकडच्या अंगणांत तिच्या वयाच्या गाड्या अजून नांदतात. त्यांचा खरा शत्रू पाऊस. जून लागला की त्या ताडपत्रीखाली जातात त्या गणपतीपर्यंत. ओल बल्बच्या होल्डरमध्ये शिरते, तांब्याला हिरवी बुरशी चढते, अर्थच्या बोल्टखाली गंज धरतो. घनसाळ भाताची पोती ज्या शेडमध्ये, तिथंच गाडी. मग उंदीर भातावर येतात आणि जाता जाता वायरीही कुरतडतात.

अशी गाडी बंद पडली की सगळे बॅटरीकडे बोट दाखवतात. मी आधी कान देतो. टक्-टक्-टक् वाजतंय आणि दिवे मंदावतायत, म्हणजे बॅटरी उतरलीय किंवा टर्मिनल सैल आहे. एकच टक् आणि दिवे लख्ख, म्हणजे बहुधा सेल्फचंच दुखणं. सेल्फ मारताना मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबाला आणि दुसरं इंजिनाला लावून बघतो. तिथं अर्ध्या व्होल्टच्या वर आकडा दिसला, तर अर्थची पट्टी खराब. ती काढून पॉलिश पेपर मारला की काम होतं. असं शंभर रुपयांचं काम हजारो रुपयांची बॅटरी घालून झाकलेलं मी कितीदा पाहिलंय.

गुरुजींच्या गाडीत मात्र तसं काही नव्हतं. बॅटरी पूर्ण चार्ज करून, रात्रभर सुटी ठेवून मोजली: १२.६ व्होल्ट, म्हणजे भरलेली. १२.२ असती तर निम्मी, १२ च्या खाली तर रिकामीच म्हणायची. गाडी चालू करून मोजलं तर १४.२. साडेतेरा ते साडेचौदाच्या मधे असलं की चार्जिंग ठीक. इथंच मागच्या वेळी मी फसलो होतो. चार्जिंग बरोबर आहे, म्हणजे बॅटरीच गेली, असं म्हणून दुसरी बॅटरी मीच बसवून दिली होती.

या वेळी घाई केली नाही. किल्ली काढली, दारं लावली, निगेटिव्ह टर्मिनल सोडवलं आणि खांब व वायर यांच्या मधे मीटर दहा अँपिअरवर लावला. मीटर असा लावलेला असताना सेल्फ मारायचा नाही; शिकाऊ असताना मी मारला होता आणि उस्तादांच्या मीटरचा फ्यूज उडवला होता. आकडा आला ०.३८. बंद गाडीत घड्याळ आणि टेपच्या मेमरीला ०.०२, ०.०३ अँपिअर लागतो, ०.०५ पर्यंत मी काही म्हणत नाही. ०.३८ म्हणजे दिवसाला नऊ अँपिअर-तास. बॅटरी पस्तीसची. दोन दिवसांत निम्मी खलास.

मग एकेक फ्यूज उपसायला घेतला. ज्या फ्यूजला आकडा पडेल, त्या वाटेवर चोर. डिकीचा दिवा, हॉर्न, बाहेरून बसवलेला टेप, सगळे एकेक करून उपसून परत बसवले, आकडा फारसा हलेना. राहिली अल्टरनेटरची जाड वायर, जी फ्यूजच्या डब्यातून जातच नाही. ती सोडवली आणि मीटर ०.०२ वर आला.

अल्टरनेटरमधले डायोड करंटला एकाच दिशेनं जाऊ देतात. त्यातला एक गळका झाला होता. दिवसा तो बॅटरी भरू देत होता आणि रात्री तीच उलट्या वाटेनं पीत होता. बॅटरी पुन्हापुन्हा पूर्ण उतरली की प्लेटवर सल्फेटचा कडक थर बसतो आणि ती पुन्हा नीट भरत नाही. म्हणजे आधीच्या दोन्ही बॅटऱ्या मेल्या हे खरं. पण त्यांना मारणारा शेजारीच बसला होता.

डायोड प्लेट बदलली आणि गुरुजींकडून मजुरी घेतली नाही. दुसऱ्या बॅटरीचं पाप माझ्या माथी होतं.

वाचकांना एवढंच सांगेन. गाडी महिनाभर उभी ठेवणार असाल तर निगेटिव्ह टर्मिनल काढून ठेवा. काढताना निगेटिव्ह आधी, लावताना शेवटी. आणि कुणी "बॅटरी गेली" म्हणालं, तर पैसे काढण्याआधी विचारा: बंद गाडीत करंट किती जातो, मोजलात का?

गुरुजींच्या गाडीत तीच तिसरी बॅटरी आहे. यंदा तिचं चौथं वर्ष.