मोटारीतली रात्रीची शिल्लक

घरात वृद्ध माणूस असेल, तर विजेच्या मोटारीत रात्री किती वीज शिल्लक आहे, हा प्रश्न केवळ प्रवासाचा राहत नाही. घरातल्या १५ अँपिअरच्या सॉकेटमधून तासाला जेमतेम ३ युनिट वीज मिळते; ३० युनिटांची रिकामी बॅटरी भरायला अख्खी रात्र जाते. म्हणून आईला मध्यरात्री रुग्णालयात नेऊन परत आणता येईल, एवढी वीज मी संध्याकाळी राखूनच ठेवतो.

प्रवासात जलद चार्जर ८० टक्क्यांनंतर मंदावतो. तेथे शंभराचा हट्ट धरू नये. थांबा ठरवताना मी आधी शौचालयाची चौकशी करतो: कमोड आहे का, पायऱ्या किती? उरलेल्या वेळात आईची गोळी, दोन घास, चार पावले. पेट्रोलच्या काळी तिच्या गुडघ्यांना एवढी उसंत कुठे मिळत होती!