सियालदहला जनावरांचाही दाखला लागतो

बंगालीत 'शियाल' म्हणजे कोल्हा. आज जिथे सियालदह स्टेशन आहे, तिथे एके काळी दलदलीत उंचवटे होते आणि त्यांवर रात्रभर कोल्हेकुई चालायची. त्यावरूनच हे नाव पडलं, असं कोलकात्यात सांगतात. कोल्हे कधीच गेले. पण जनावरांचा आणि या स्टेशनचा संबंध काही तुटलेला नाही.

मुंबईहून किंवा नागपूरहून निघालेला मराठी माणूस उतरतो तो हावड्याला. हावडा हुगळी नदीच्या अलीकडे, तर सियालदह नदीपलीकडे, शहराच्या पूर्व अंगाला. पूर्वी पुलावरच्या गर्दीतून वाट काढत जावं लागे. ऑगस्ट २०२५पासून मात्र मेट्रो नदीच्या खालून थेट सियालदहला आणून सोडते. १८६२ साली ईस्टर्न बेंगॉल रेल्वेने इथून कुष्टियापर्यंत लोहमार्ग टाकला. ते कुष्टिया आज बांगलादेशात आहे. फाळणीनंतर तिकडून आलेल्या निर्वासितांनी याच फलाटांवर संसार मांडले होते. त्या माणसांबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं. जनावरांच्या प्रवासाकडे मात्र कुणाचं फारसं लक्ष जात नाही.

पहाटेच्या लोकल गाड्यांना माल घेऊन येणाऱ्या विक्रेत्यांसाठी वेगळा डबा असतो. त्यातून भाजीचे भारे उतरतात, छेन्याचे डबे उतरतात, कॅनिंगकडच्या गाडीतून मासळी आणि खेकडे उतरतात. टोपल्यांतून कोंबड्या आणि बदकंही येतात. काही माल समोरच्या कोले मार्केटला जातो, काही बैठकखाना बाजारात. 

पार्सल ऑफिसची तऱ्हा वेगळी. बिहार, झारखंड, उत्तर प्रदेश, दिल्ली, आसाम अशा सगळ्या दिशांना इथून गाड्या सुटतात. एखाद्या बँकवाल्याची किंवा लष्करातल्या अधिकाऱ्याची बदली होते. सामान ट्रकने पुढे जातं, मुलांचे शाळेचे दाखले काढून होतात आणि मग घरातल्या कुत्र्याचं काय करायचं, हा प्रश्न उभा राहतो. फर्स्ट क्लासचा अख्खा कूपे आपल्या नावावर असेल तर तो आपल्यासोबत येऊ शकतो. नाहीतर त्याची रवानगी गार्डच्या डब्यातल्या पेटीत. पण दोन्हीकडे पहिली अट एकच : मुलांप्रमाणे त्याचाही दाखला हवा!

हा दाखला मागितला जातो तो १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली १९७८ साली झालेल्या जनावर-वाहतुकीच्या नियमांनुसार. पात्र पशुवैद्यकाने जनावर तपासायचं आणि ते प्रवास करण्याजोगं आहे, त्याला संसर्गजन्य रोगाची लक्षणं नाहीत, असं लिहून द्यायचं. कुत्र्याच्या बाबतीत पिसाळण्याच्या रोगाचा खास उल्लेख आहे. दाखला नसेल तर जनावर स्वीकारायला नकार देणं हे रेल्वेवर बंधनकारक आहे. म्हणजे खिडकीवरचा कारकून 'नाही' म्हणतो तेव्हा तो अडवणूक करतोय असं वाटतं खरं, पण तो नियमच पाळत असतो.

गुरांसाठीचा नमुना आणखी बारकाईने केलेला आहे. गाडी सुटण्याआधीच्या १२ तासांत तपासणी व्हायला हवी. जनावरांची संख्या, वय, जात, अंगावरच्या खुणा, कुठून कुठे जाणार, पुरेसं चारापाणी दिलं की नाही, हे सगळं त्यात लिहायचं. ब्रॉडगेजच्या साध्या वाघिणीत मोठी जनावरं दहाच, वासरं असतील तर पंधरा. सोबत माणूस हवा, औषधाची पेटी हवी आणि वाघीण शक्यतो गाडीच्या मध्यभागी जोडलेली हवी. मूळ नमुन्यात जनावराला कोणत्या रोगाची लस टोचली, या जागी एकच नाव स्पष्ट छापलेलं होतं. ते बुळकांडीचं.

आजच्या पिढीने हे नाव ऐकलेलंही नसेल. आजोबांना मात्र विचारून पाहावं. बुळकांडी आली की गावंच्या गावं बैलांवाचून उघडी पडायची, पेरणीला औतं जुंपायला जनावर उरत नसे. सियालदहहून गाड्या सुरू झाल्या त्याच दशकात, १८६९ साली, इंग्रज सरकारला गुरांच्या साथींसाठी आयोग नेमावा लागला. हॅलन यांच्या अध्यक्षतेखालच्या त्या आयोगाचा अहवाल १८७१ साली निघाला. पुढे जनावरांचे डॉक्टर तयार करायला परळला १८८६ साली व्हेटर्नरी कॉलेज निघालं, तर पुण्यात १८८९ साली जनावरांच्या रोगांवरची सरकारी प्रयोगशाळा. ती नंतर कुमाऊँमधल्या मुक्तेश्वरला हलली. सियालदहच्या उत्तरेला चार-पाच किलोमीटरवर बेलगाछियाला बेंगॉल व्हेटर्नरी कॉलेज सुरू झालं ते १८९३ साली. १९९५पासून तिथे पशू व मत्स्यविज्ञान विद्यापीठ आहे.

बुळकांडीविरुद्धची देशव्यापी मोहीम १९५४ साली सुरू झाली. गावोगाव लस टोचली गेली, राज्यांच्या सीमांवर तपासणी नाके बसले. देशातली शेवटची लागण १९९५ची. २००६ साली भारत बुळकांडीमुक्त ठरला आणि २०११ साली सगळं जगच. हे यश मुख्यतः लशीचं, पण त्यात नाक्यावर उभं राहून कागद तपासणाऱ्या माणसाचाही वाटा आहे. त्याचा सत्कार मात्र कुणी केल्याचं ऐकिवात नाही.

रोगांना सीमा कळत नाहीत, याचा अनुभव महाराष्ट्राइतका कुणाला असेल? नंदुरबार जिल्ह्यातलं नवापूर स्टेशन अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत आहे. त्याच नवापुरात फेब्रुवारी २००६मध्ये देशातला पहिला बर्ड फ्लू सापडला. दोन वर्षांनी, जानेवारी २००८मध्ये, पाळी पश्चिम बंगालची आली. बीरभूम आणि दक्षिण दिनाजपूरपासून सुरू झालेली साथ तेरा जिल्ह्यांत पसरली आणि सुमारे ४० लाख कोंबड्या-बदकं मारावी लागली. परसातल्या चार कोंबड्यांवर घरचं मीठ-मिरची चालवणाऱ्या बायकांचं त्यात काय झालं असेल, याची कल्पना करता येते. लम्पीचंही तसंच. २०१९ साली तो ओडिशात आणि बंगालात दिसला आणि सप्टेंबर २०२२मध्ये महाराष्ट्राला गुरांचे बाजार आणि वाहतूक दोन्ही बंद ठेवावी लागली.

अशा वेळी सरकारच्या हातात असतो २००९चा जनावरांच्या संसर्गजन्य रोगांबाबतचा कायदा. एखादा भाग 'नियंत्रित क्षेत्र' म्हणून जाहीर झाला की तिथून जनावर हलवायला लसीकरणाचा दाखला लागतो. सीमेवर नाके आणि विलगीकरणाच्या छावण्याही उभारता येतात.

पण दाखल्याचीही मर्यादा आहे. लाळ-खुरकुताची लागण झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत दोन ते चौदा दिवस जाऊ शकतात. डॉक्टर पाहतो ते आजचं जनावर. त्याच्या अंगात मुरत असलेला रोग त्याला दिसणार कसा? म्हणून 'निरोगी आहे' या शिक्क्यापेक्षा लस कोणती आणि कधी टोचली, ही ओळ जास्त मोलाची. हरियाणातून मुऱ्हा म्हैस आणणाऱ्या शेतकऱ्याने तीच ओळ आधी वाचावी, कानातल्या पिवळ्या बिल्ल्यावरचा बारा आकडी नंबर कागदाशी ताडून पाहावा आणि नवी म्हैस दोन-तीन आठवडे जुन्या गोठ्यापासून लांब बांधावी. शिवाय गुरं आता रेल्वेने फारशी जातच नाहीत, ट्रकने जातात. रात्री दोन वाजता नाक्यावर ट्रकमधली जनावरं मोजून घेणारा माणूस सापडणं कठीण!

आणि मासे? सियालदहपासून तासाभराच्या अंतरावर नैहाटी आहे. मत्स्यबीजाचा हा मोठा बाजार. रोहू-कटल्याची बोटाएवढीही नसलेली पिल्लं ॲल्युमिनियमच्या हंड्यांत भरून इथून देशभर जातात. डब्यात हंडीशेजारी बसलेला माणूस वाटभर हाताने पाणी थापटत असतो. पाण्यात हवा मिसळली नाही तर पिल्लं गुदमरतात. १९७८च्या नियमांत कुत्री-मांजरं, माकडं, गुरं, घोडे, शेळ्या-मेंढ्या आहेत. २००१ साली त्यांत कोंबड्या आणि डुकरं आली. माशांचं प्रकरण मात्र त्यांत नाही. १९८८ साली त्रिपुरा, आसाम आणि बंगालच्या तळ्यांत माशांच्या अंगावर जखमा पडणारा रोग आला आणि पुढे तो इतर राज्यांतही दिसला. कोळ्यांनी आणि तळेवाल्यांनी मासे अक्षरशः फेकून दिले. शेजारच्या फलाटावर कुत्र्याच्या मालकाला दाखला विचारला जातो, तेव्हा हंडीवाला थापटत असतो पाणी. त्याच्याजवळ कागद असतो तो फक्त तिकिटाचा.